पहिला पाट आणि त्यापुरती हत्यारं

दिवाळीच्या आधी दरवर्षी मला असा एखादा फोन येतोच. कधी भाचा असतो, कधी शेजारच्या इमारतीत नव्यानं संसार मांडलेली मुलगी, कधी नुकतेच निवृत्त झालेले कुणी काका. प्रश्न ठरलेला. ‘‘एकशे आठ नगांची पेटी सवलतीत मिळतेय, घेऊन टाकू का?’’ मी विचारतो, ‘‘करायचं काय आहे?’’ पलीकडे जरा शांतता. मग उत्तर येतं, ‘‘असंच हो, घरात असावी म्हणून.’’

घरात असावी म्हणून घेतलेली पेटी घरात राहतेच, फक्त माळ्यावर. मीही अशी एक घेतली होती. तिच्यातले निम्म्याहून जास्त नग म्हणजे स्क्रू ड्रायव्हरची बदलती टोकं. त्यातल्या कित्येक आकारांचा स्क्रू मी आजवर पाहिलेला नाही. पक्कड मिटली तरी तिच्या जबड्यांतून पलीकडचा उजेड दिसायचा. पहिल्याच घट्ट स्क्रूवर टोकाचे कोपरे गोल झाले आणि जाताना ते स्क्रूचं डोकंही घेऊन गेले. तो स्क्रू आमच्या कपाटात अजून तसाच आहे.

तेव्हा पेटी राहू द्या. आधी कामं ठरवा आणि कामं मागतील तेवढीच हत्यारं आणा. मी नवशिक्यांना दोन कामं सुचवतो: भिंतीवर एक फळी लावायची आणि लाकडाचा एक पाट करायचा. फळी लावताना घरच्या दुरुस्तीला लागणारं जवळजवळ सगळं हाताशी येतं. पाट करताना सुतारकामाची मुळाक्षरं गिरवून होतात. माप घेणं, आखणं, कापणं, खाच पाडणं, भोक पाडणं, जोडणं, घासणं, एवढं सगळं त्या दीड फुटांच्या फळीत येतं. आणि पाट बिघडला तरी त्यावर कुंडी ठेवता येते.

आधी फळी. भिंतीत भोक पाडायचं म्हणजे ड्रिल मशीन आलं. वायरचं घ्यावं की बॅटरीचं, यावर लोक तासन्‌तास बोलतात. माझं मत असं, की पहिलं मशीन वायरचं असावं. वर्षातून आठ-दहा वेळा बाहेर निघणाऱ्या मशीनची बॅटरी नेमकी त्या दिवशी उतरलेली असते. काही वर्षांनी ती बदलायची वेळ आली, की तिची किंमत ऐकून मशीनच नवं घ्यावंसं वाटतं. ५०० ते ६५० वॅटचं, १३ मिलिमीटरचा चक असलेलं इम्पॅक्ट ड्रिल घरासाठी पुरतं. दुकानात ते चालवून पाहा. बटण हलकं दाबलं की सावकाश फिरायला हवं आणि जोर वाढवला की वेगानं. उलटं फिरायला हवं, नाहीतर लाकडात अडकलेला बिट काढताना रडकुंडीला याल. ठोका बंद करायची कळही हवी, कारण ठोका फक्त विटेत आणि काँक्रीटमध्ये द्यायचा. लाकडात दिला तर भोकाच्या कडा फाटतात.

भिंत कशाची आहे हे भोकातून पडणारा भुगा सांगतो. सुरुवातीला गिलाव्याची राखाडी भुकटी येते. मग लाल भुकटी सुरू झाली की तुम्ही विटेत शिरलात. राखाडीच येत राहिली आणि बिट पुढे सरकेना, तर समोर काँक्रीटचा कॉलम किंवा बीम आहे. तिथे साध्या मशीनशी झटापट करून बिट जाळण्यापेक्षा जागा बदललेली बरी. नव्या इमारतींत बऱ्याचदा पांढरट, मऊ, पिठासारखा भुगा पडतो. हे सिपोरेक्सचे ठोकळे. त्यांत ठोका न देता भोक पाडायचं आणि त्या ठोकळ्यांसाठी मिळणारा लांब नायलॉनचा प्लग मागून घ्यायचा. नेहमीचा आखूड प्लग तिथे धरत नाही, आणि आज लावलेली फळी आठवड्याभरात पुस्तकांसकट खाली येते.

विटेच्या भिंतीसाठी ६ मिलिमीटरचा मेसनरी बिट, ६ चाच प्लग आणि ८ नंबरचा स्क्रू, एवढं लक्षात ठेवलं तर बहुतेक कामं भागतात. वजन वीट पेलते, गिलावा पेलत नाही. म्हणून प्लग गिलावा ओलांडून विटेत गेला पाहिजे. किती खोल जायचं तेवढ्या अंतरावर बिटला चिकटपट्टीचा वेढा द्या आणि वेढा भिंतीला टेकला की थांबा. स्विचबोर्डाच्या सरळ वर, सरळ खाली आणि त्याच्या आडव्या रेषेत भोक पाडू नका. वायरी बहुधा तिथूनच गेलेल्या असतात. शंका वाटली तर त्या खोलीचा एमसीबी पाडून दुसऱ्या खोलीतून लांब वायरीनं वीज घ्या.

फळी आडवी सरळ बसली का हे डोळ्यांवर सोपवू नका, कारण घरातली छताची कडा किंवा फरशीची रेषा सरळ असतेच असं नाही. त्यासाठी नऊ इंची किंवा फूटभर लांबीची पाणसळ घ्या. ती दुकानात काउंटरवर ठेवा, बुडबुडा कुठे थांबतो ते बघा, मग तिथल्या तिथे उजवं टोक डावीकडे येईल अशी फिरवून पुन्हा बघा. बुडबुडा दोन्ही वेळा काउंटरच्या एकाच बाजूकडे आणि मधल्या रेघांपासून सारखाच सरकलेला दिसला तर पाणसळ खरी, मग काउंटर तिरका असला तरी बिघडत नाही. दुकानदार जरा विचित्र नजरेनं बघेल, बघू द्या.

ठोक्याचं काम दुपारी एक ते चार या वेळात काढू नका. पुण्यात राहत असाल तर हे वेगळं सांगायला नको.

आता पाट. खरी शाळा इथे आहे. पाटाला लागतं काय? अठरा इंच लांब, बारा इंच रुंद आणि पाऊण इंच जाड अशी एक फळी, आणि तिच्याखाली आडव्या बसणाऱ्या दीड इंच चौरस अशा दोन पट्ट्या. सागाची बारा इंची रुंद फळी महाग पडते आणि पहिल्या प्रयोगाला साग वापरायचं काही कारण नाही. प्लायवुडच्या दुकानात पाइनचा किंवा रबरवुडचा जोडलेला बोर्ड मिळतो, त्याचा तुकडा घ्या. वखारीतून घेणार असाल तर मशीनवर रंधा मारूनच मागा. पेट्यांचं जुनं लाकूड वापरायलाही माझी ना नाही, फक्त त्यावरचा शिक्का वाचा. ‘एचटी’ म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेलं, ते चालतं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते घरात आणू नका.

वखारीत गेलात की तुम्हाला सूत भेटेल. आपल्याकडचे सुतार मिलिमीटरमध्ये बोलत नाहीत. इंचाचे आठ भाग, त्यातला प्रत्येक भाग एक सूत. पाऊण इंच म्हणजे सहा सूत, अर्धा इंच म्हणजे चार. ‘‘दोन सूत कमी करा’’ म्हटल्यावर पाव इंच कमी करायचा हे आपोआप कळायला लागलं, की वखारवाला तुमच्याशी जरा वेगळ्या आवाजात बोलतो. मिलिमीटर वापरा किंवा सूत वापरा, एका कामात दोन्ही मिसळू नका. पट्टी इंचात मोजून फळी सेंटीमीटरमध्ये मोजली, की कुठेतरी सांधा चुकतोच.

नवशिक्या माणसाचे पैसे कापायच्या आणि भोकं पाडायच्या हत्यारांवर खर्च होतात, कारण ती दिसतात भारी. काम फसतं ते मात्र बहुतेक वेळा माप चुकलं म्हणून, लाकूड हललं म्हणून, नाहीतर पटाशीला धार नव्हती म्हणून. माझ्या हातून बिघडलेल्या वस्तू आठवून पाहिल्या तर एखाददुसरी सोडून बाकी सगळ्या या तीन कारणांतच बसतात. तेव्हा काटकसर करायचीच असेल तर इतर ठिकाणी करा.

मापाची टेप तीन मीटरची पुरते. ती हातात घेतल्यावर तिच्या टोकाचा पत्र्याचा आकडा सैल, खुळखुळता लागेल. खराब आहे म्हणून ती परत करू नका, पक्कडीनं घट्ट तर मुळीच करू नका. तो आकडा स्वतःच्या जाडीइतका मुद्दाम मागेपुढे सरकता ठेवलेला असतो. फळीच्या कडेला अडकवून बाहेरून माप घेताना तो पुढे सरकतो, कपाटाच्या आत टेकवून माप घेताना मागे. म्हणून दोन्ही मापं बरोबर येतात. टेप हातातून सुटून फाडकन मिटू दिली की नेमका हाच आकडा वाकतो. घरातल्या मुलांना हा खेळ फार आवडतो, तेव्हा एक जुनी टेप त्यांच्यासाठी वेगळी ठेवा.

टेपपेक्षाही मी गुण्या नीट पारखून घ्यायला सांगेन. काटकोन तपासायचं हे हत्यार स्वतःच काटकोनात नसलं, तर पुढचं सगळं काम तिरकं जातं आणि दोष आपण आपल्या हाताला देतो. नाचता येईना अंगण वाकडं अशी म्हण आहे खरी, पण बाजारातल्या स्वस्त गुण्यांच्या बाबतीत अंगण खरोखरच वाकडं असू शकतं. परीक्षा सोपी आहे. सरळ कडेच्या फळीवर गुण्या टेकवून बारीक रेघ ओढा. मग गुण्या उलटा करून त्याच ठिकाणी दुसऱ्या बाजूनं टेकवा आणि पुन्हा रेघ ओढा. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या तर गुण्या खरा. वर जाता जाता त्या फाकल्या, तर तो दुकानातच ठेवून या. सहा इंची गुण्या पाटापुरता चालतो, बारा इंची फळी आखायला मोठा लागला तर कॉम्बिनेशन स्क्वेअर घ्या. रेघ ओढायला बारीक टोकाची कडक पेन्सिल. लाकडाच्या रेषांना आडवं कापायचं असेल तर पेन्सिलीऐवजी कटरच्या पात्यानं रेघ मारा. लाकडाचे तंतू आधीच तुटतात, त्यामुळे करवतीनं कडेच्या चिंध्या होत नाहीत.

मग येतं धरणं. गावाकडे सुतारमामा जमिनीवर बसून काम करायचे. पायाच्या अंगठ्यानं आणि टाचेनं लाकूड असं दाबून धरायचे, की जणू तिसरा आणि चौथा हातच. वाकस पायापासून दोन बोटांवर पडायची आणि मामा बोलत असायचे आमच्याशी. त्यामागे साऱ्या जन्माचा सराव होता. तुम्ही-आम्ही ते करू नये. आपले पाय ज्या कामाला आहेत त्याच कामाला राहू द्यावेत.

आपल्याला क्लॅम्प हवेत. चार इंची सी क्लॅम्प दोन आणि फूटभर उघडणारे एफ क्लॅम्प दोन, एवढ्यापासून सुरुवात करा. जड, न हलणारं एखादं जुनं टेबल भिंतीला लावून ठेवलं की झाला तुमचा कारखाना. फळी टेबलाला क्लॅम्पनं आवळली की दोन्ही हात मोकळे राहतात, करवत सरळ चालते आणि पटाशी निसटली तरी वाटेत बोट येत नाही. क्लॅम्पच्या जबड्याखाली प्लायचा छोटा तुकडा ठेवायला विसरू नका, नाहीतर लाकडावर गोल वळ उमटतो आणि तो घासून जात नाही. पांढऱ्या फेविकॉलनं काही चिकटवाल तेव्हाही क्लॅम्पच लागतात. हा गोंद दाबाखाली रात्रभर ठेवला की चांगला धरतो. हातानं पाच मिनिटं दाबून ‘बसलं’ म्हणणं ही स्वतःची समजूत.

करवतीबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण आता ती निवड फारशी अवघड राहिलेली नाही. अठरा इंच लांबीची, इंचाला नऊ-दहा दात असलेली हातकरवत घ्या. आजकालच्या बऱ्याच करवतींच्या दातांची टोकं निळसर-काळी दिसतात. ती टोकं कडक केलेली असतात, त्यांची धार पुष्कळ दिवस टिकते, पण एकदा गेली की कानशीनं पुन्हा लावता येत नाही. नवशिक्यासाठी हा सौदा चांगला आहे. मूठ धरताना तर्जनी पात्याच्या दिशेनं सरळ ठेवा, कापायला सुरुवात करताना करवत एक-दोनदा मागे ओढून खाच करून घ्या आणि रेघ राखून कापा. रेघेवरून करवत चालवली की तुकडा करवतीच्या जाडीइतका कमी भरतो. प्लायवुडचा मोठा पत्रा असेल तर घरी करवतत बसू नका. बऱ्याच दुकानांत किंवा त्यांच्या ओळखीच्या कारखान्यात मोठ्या मशीनवर मापानं कापून देतात. कापणावळ पडते, पण कडा सरळ मिळतात आणि तुकडे लिफ्टमध्ये मावतात.

पाटाच्या पट्ट्या नुसत्या खालून ठोकल्या तर काही दिवसांनी डुगडुगतात. म्हणून फळीच्या खालच्या अंगाला पट्टीच्या रुंदीची, एक सूत खोल अशी खाच पाडायची आणि पट्टी तिच्यात घट्ट बसवायची. खाचेच्या दोन्ही कडांवर करवत चालवायची आणि मधलं लाकूड पटाशीनं काढायचं. इथे पटाशी येते, आणि पटाशीबरोबर धार.

पटाश्यांचा सहा नगांचा संच घेऊ नका. अर्धा इंची एक आणि एक इंची एक, बस्स. नवी पटाशी कापायला तयार नसते, ही गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. कारखान्यातून ती फक्त आकार देऊन आलेली असते. अशी पटाशी लाकडाला लावली की ती लाकूड कापत नाही, चेचते. माणूस वैतागून जोर लावतो, पटाशी घसरते आणि मग टाके पडतात. हाताला होणाऱ्या जखमांत बोथट पटाशीचा वाटा मोठा असतो.

धार लावायचा निसणा हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात मिळतो. पण पहिल्या वर्षी त्याहून सोपा मार्ग आहे. काचवाल्याकडून सहा मिलिमीटर जाडीचा, वहीच्या पानाएवढा काचेचा तुकडा कडा घासून आणा. वॉटर पेपर आणा: २२०, ४००, ८०० आणि १५०० नंबरचा एकेक. काचेवर पाणी शिंपडून कागद ठेवला की तो चिकटतो आणि अगदी सपाट राहतो. आधी पटाशीची पाठ, म्हणजे सपाट बाजू, टोकाकडचा दोनेक इंच भाग कागदावर टेकवून घासा. २२० पासून १५०० पर्यंत, टोकाजवळ चेहरा अस्पष्ट दिसायला लागेपर्यंत. हे एकदाच करावं लागतं, पण त्याला अर्धा तास जातो आणि त्या अर्ध्या तासात बरेच जण सोडून देतात. सोडू नका.

मग उतार. कारखान्यानं तो साधारण २५ अंशांचा दिलेला असतो, आपण टोकाशी ३० अंशांची बारीक पट्टी काढायची. हात स्थिर राहत नसेल तर चाकावर चालणारं होनिंग गाइड घ्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पाठीच्या बाजूला बोट फिरवल्यावर बारीक खरखर लागली की समजायचं, धार टोकापर्यंत पोचली. मग पुढचा कागद, शेवटी पाठ एकदा हलकेच घासून खरखर काढून टाकायची. वर्तमानपत्राचा कागद हातात उभा धरून कापून बघा. फाटला तर पुन्हा घासा, सुळकन कापला गेला तर खाचेकडे वळा. पाइनच्या आडव्या पृष्ठभागावरून अशी पटाशी फिरवली की सालपट वळत वर येतं. ते बघितल्यावर बहुतेकांना पुन्हा सांगावं लागत नाही.

पटाशीवर मारायला लोखंडी हातोडी नको, मूठ फुटते. लाकडी मोगरी मिळाली तर उत्तम, नाहीतर बाभळीच्या जड तुकड्याला दांडा बसवून तीच पहिली वस्तू म्हणून करा. खिळ्यांसाठी मागून खिळे उपटता येतील अशी अर्ध्या किलोच्या आसपासची हातोडी घ्या आणि ती दांड्याच्या टोकाला धरा. आपण सगळे ती डोक्याजवळ धरतो आणि मग खिळा वाकतो म्हणतो.

पट्ट्या खाचेत बसल्या की स्क्रू. इथे मला दोन गोष्टी जोर देऊन सांगायच्या आहेत. एक, लाकडात स्क्रू कधीही आधी भोक न पाडता घालू नका. पट्टीतलं भोक साडेचार मिलिमीटरचं, म्हणजे ८ नंबरचा स्क्रू त्यातून अलगद जाईल, आणि फळीतलं तीन मिलिमीटरचं, म्हणजे स्क्रूचे आटे तिथे पकडतील. दोन, पट्टी फळीला फेविकॉलनं चिकटवून टाकू नका. लाकूड रुंदीत फुगतं आणि आक्रसतं, लांबीत जवळजवळ नाही. बारा इंची फळी जुलैत आणि एप्रिलमध्ये एकाच रुंदीची नसते. पट्टी तिला आडवी घट्ट चिकटलेली असेल तर फळीला हलायला जागा उरत नाही आणि उन्हाळ्यात ती तडकते. म्हणून मधला स्क्रू घट्ट घ्या आणि दोन्ही टोकांच्या स्क्रूंसाठी पट्टीतलं भोक बिट जरा हलवून लांबट करा. स्क्रूची लांबी ठरवताना तो पट्टी आणि फळीच्या बाजूला धरून बघा. टोक वर येणार असेल तर ते तुमच्याआधी जेवायला बसलेल्या पाहुण्याला कळेल.

स्क्रू ड्रायव्हर दोनच घ्या, पण चांगल्या पोलादाचे: एक फुलीचा दोन नंबरचा आणि एक मध्यम सपाट. टोक स्क्रूच्या डोक्यात खुळखुळता कामा नये. मग पॉलिश पेपर ८०, १२० आणि २२०, लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळून, नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेनं. आडवं घासल्याचे ओरखडे पॉलिश लावल्यावरच दिसतात, तेव्हा उशीर झालेला असतो. पॉलिशऐवजी जवसाचं तेल लावलंत तर तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ते वाळताना आतून तापतं आणि आपोआप पेटू शकतं. बाहेर मोकळं पसरून वाळवा.

एवढ्यात रंधा कुठेच आला नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. रंधा हे सुंदर हत्यार आहे, पण स्वस्त नवा लोखंडी रंधा खोक्यातून काढला की बहुधा चालत नाही. त्याचा तळ सपाट करावा लागतो, पात्याला धार लावावी लागते, पातं किती बाहेर ठेवायचं हे हाताला कळावं लागतं. पटाशीची धार जमली की मग रंध्याकडे जा. आणि पावसाळ्यात दार फुगून अडकलं म्हणून रंधा आणायला धावू नका. जुलैत दाराची कड तासलीत तर दिवाळीनंतर लाकूड आक्रसतं आणि तिथून वारा यायला लागतो. साबण किंवा मेणबत्ती घासून पावसाळा काढा, पुढच्या वर्षी पुन्हा अडकलं तर बघू.

जे कधीच घेऊ नका असं मी स्पष्ट सांगतो, ते म्हणजे अँगल ग्राइंडरला लाकूड कापायचं दातेरी पातं. बाजारात ते राजरोस मिळतं. दगड आणि लोखंड घासायचं ते मशीन मिनिटाला दहा हजारांवर फेऱ्या घेतं. त्याला लावलेलं दातेरी पातं लाकडात अडकलं की मशीन उसळून अंगावर येतं, सावरायला वेळ मिळत नाही. मार्बल कटरला लाकडाचं पातं लावून काम करणारे कारागीर तुम्ही पाहिले असतील. त्यांच्याकडे बघून ते करू नका. वक्र कापायची वेळ आलीच तर जिगसॉ घ्या. ते सावकाश आहे, आणि नवशिक्यासाठी सावकाश हेच बरं.

खरेदीसाठी पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी आणि मुंबईत नागदेवी स्ट्रीट ही हत्यारांची जुनी ठिकाणं. तिथे गुण्या पारखू देतात, आणि विचारलं तर ‘‘हे नको, ते न्या’’ असंही सांगतात. पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, पाने यांसाठी नाशिकची टपारिया ही घरापुरती भरवशाची आहे. १९६९ पासून ती हत्यारं बनवतेय आणि जिल्ह्याच्या गावी पण मिळते. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे जुन्या पोलादाच्या पटाश्या सापडतात. मूठ फुटलेली असेल तर हरकत नाही, मूठ नवी बसते. पात्याच्या पाठीवर टोकाजवळ गंजाचे खड्डे असतील तर मात्र सोडून द्या, ते घासून जात नाहीत.

वर सांगितलेल्या सगळ्याचे मिळून ड्रिलसकट साधारण सात हजारांच्या आसपास होतात. त्यातच शंभर-दोनशे रुपये गॉगल आणि एन-९५ मास्कसाठी बाजूला काढा. लाकडाची धूळ नैसर्गिक म्हणून निरुपद्रवी, असं समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं ती १९९५ सालीच कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकली आहे. एमडीएफ घासताना तर मास्क हवाच. फिरत्या मशीनजवळ हातमोजे घालू नका, ते बिटमध्ये गुंततात.

कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात राहत असाल तर जूनच्या आत प्रत्येक पात्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवा आणि ते डब्यात बंद करून ठेवा. खोबरेल नको, ते थंडीत थिजतं आणि धूळ धरतं. खंडेनवमीला पूजेसाठी हत्यारं बाहेर निघतीलच, तेव्हा तेलाचा दुसरा हात.

आणि पाट तयार झाल्यावर डुगडुगला, तर लगेच पट्ट्या तासायला बसू नका. आधी तो ओट्याच्या ग्रॅनाइटवर ठेवून बघा. आमच्या घरी पाट नीट होता, फरशी खचली होती.